रजेच्या नियमांत आईबाप कोठे आहेत?

जुलै 2025 मध्ये राज्यसभेत एक प्रश्न विचारला गेला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांस वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी रजा मिळण्याची काही तरतूद आहे काय, असा तो प्रश्न होता. उत्तर असे मिळाले की, 1972 च्या रजानियमांप्रमाणे कर्मचाऱ्यास वर्षाकाठी 30 दिवसांची अर्जित रजा, 20 दिवसांची अर्धवेतनी रजा, 8 दिवसांची नैमित्तिक रजा आणि 2 दिवसांची ऐच्छिक सुट्टी मिळते. ती कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येते, आणि वृद्ध आईवडिलांची काळजी घेणे हेही त्या कारणांत मोडते. लागलीच वृत्तपत्रांतून मथळे झळकले, की सरकारी नोकरांना आता आईबापांच्या सेवेसाठी 30 दिवस रजा! आमच्या कचेरीत तर दोघातिघांनी परिपत्रकाची प्रत मागितली. परिपत्रक कोठून असणार? जी रजा नोकरीच्या पहिल्या सहामाहीपासून आमच्या खाती जमा होत आली आहे, जिच्यातून बहिणीचे लग्न, गावची जत्रा, घराची गळती आणि मुलांच्या कांजिण्या हे सारे आम्ही भागवीत आलो आहोत, त्याच रजेला नवे नाव देण्यात आले होते. आमच्याच खिशातील रुपया काढून आमच्याच तळहातावर ठेवावा आणि वर दानाचे पुण्य पदरी बांधून घ्यावे, असा तो प्रकार झाला.

मंत्रिमहोदयांना आम्ही दोष देत नाही. विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी नियमांस धरून उत्तर दिले. आमचा वाद आहे तो त्या उत्तराच्या पोटात दडलेल्या समजुतीशी. आईबापांचे आजारपण म्हणजे जत्रा किंवा घरदुरुस्ती यांसारखेच एक ‘वैयक्तिक कारण’ होय, या समजुतीशी. आमचा दुसरा वाद आपल्याच लोकांशी आहे, आणि तो आधी मिटवून घेणे बरे.

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींत अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. गणेशोत्सवाच्या मांडवात, हळदीकुंकवाच्या निमित्ताने, कोजागिरीच्या दुधाबरोबर तो विचारला जातो. “काय हो, वडिलांना तिकडे ठेवलंत म्हणे?” विचारणारे सद्गृहस्थ बहुधा निवृत्त अधिकारी असतात; त्यांच्या स्वरात कळकळ असते आणि त्या कळकळीत निकाल आधीच लागलेला असतो. ‘ठेवणे’ हे क्रियापद मराठीत दागिन्यांना, बँकेतील रकमेला आणि पडवीतील सरपणाला शोभते. पक्षाघाताने उजवे अंग लुळे झालेल्या माणसास पुनर्वसनकेंद्रात उपचारासाठी दाखल केले, तर त्याला ‘ठेवले’ म्हणणाऱ्याच्या मनात वृद्धाश्रम आणि पुनर्वसनकेंद्र यांचा गोंधळ झालेला असतो. प्रसूतीसाठी सुनेला इस्पितळात नेल्यावर ‘सुनेला ठेवलंत म्हणे’ असे कोणी विचारीत नाही.

हा भेद नीट सांगितला पाहिजे. वृद्धाश्रमात जाण्याची तारीख असते, परत येण्याची नसते. पुनर्वसनकेंद्रात पहिल्याच आठवड्यात उद्दिष्टांची यादी होते: आधाराशिवाय खाटेच्या कडेवर बसणे, खाटेवरून खुर्चीवर येणे, न ठसकता पाणी गिळणे, शौचालयापर्यंत चालत जाणे. दर आठवड्यास ती यादी तपासली जाते, आणि घरी जाण्याचा सुमार तिच्यावरून ठरतो. ही विद्या आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. वेल्लोर येथे डॉ. मेरी वर्गीस यांनी 1966 मध्ये पुनर्वसनसंस्था उभी केली, तीही स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून. 1954 मधील मोटार-अपघातात त्यांच्या कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला होता. पक्षाघातानंतर जे परत येण्यासारखे असते, त्यातील मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत परत येतो. पुढेही सुधारणा होते, परंतु ती मंदावत जाते. अशा वेळी ‘घरचे ते घरचे’ म्हणून रोग्यास माजघरातील खाटेवर निजवून ठेवणे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्याची विचारपूस करणे, याला शुश्रूषा म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. त्या खाटेवर पाठीला जखमा होतात, खांदा निखळतो, आणि चालू शकला असता असा माणूस आडवा होतो तो कायमचाच.

शिवाय ‘घरी करू’ असे म्हणणारे पुरुष स्वतः करीत नाहीत, हेही येथेच नोंदवून ठेवतो. घरी म्हणजे सुनेने.

आता आमच्या वडिलांविषयी. अण्णा वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 35 वर्षे शिक्षक होते. 71 व्या वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकदम गेली. साताऱ्यास जीव वाचला. पुढचे उपचार दीर्घकाळचे होते, आणि तेवढा काळ गावी राहण्याइतकी रजा मिळणे शक्य नव्हते. म्हणून आईसह त्यांना चेन्नईस आणले, कारण आमची नेमणूक तेथे आहे. तेथील एका केंद्रात ते 9 आठवडे होते. केंद्र चांगले होते. व्यायाम देणारे तरुण कष्टाळू होते, परिचारिका प्रेमळ होत्या. उणीव होती ती एकच, आणि ती कोणाच्या दोषामुळे नव्हती. तेथे कोणालाही मराठी येत नव्हते.

वाचकांतील ज्यांनी हा अनुभव घेतलेला नाही, त्यांना हे किरकोळ वाटेल. हातापायांच्या व्यायामाला भाषा फारशी लागत नाही, हे खरे. “वर, खाली, दाबा, सोडा” एवढे चार शब्द कोणीही शिकतो. परंतु वाचाघात ही निराळी गोष्ट आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने 1861 मध्ये ज्या रोग्याचे वर्णन केले, त्याला ‘तान’ हे एकच अक्षर उच्चारता येत होते आणि दुसऱ्याचे बोलणे मात्र बरेचसे समजत होते. अण्णांचेही तसेच झाले. समजत होते, पण बाहेर येत नव्हते. अशा माणसास बोलते करावयाचे तर त्याच्या मेंदूत जी भाषा सर्वांत खोल रुजलेली आहे, तिच्यातूनच वाट काढावी लागते. वाचोपचार करणारी मुलगी चित्रांचे पत्ते घेऊन येई: छत्री, केळे, मोटार, इडली. ती तमिळमध्ये विचारी, मग इंग्रजीत, मग मोठ्या कष्टाने हिंदीत. अण्णा चित्राकडे पाहत आणि मान फिरवीत. पहिल्या आठवड्याच्या टिपणात तिने लिहिले की, रोग्याचे आकलन मर्यादित दिसते. दिसणारच. ज्याने 35 वर्षे मराठी पहिलीचा वर्ग घेतला, त्याची परीक्षा परक्या भाषेत चालली होती.

वाचाघाताच्या रोग्यांमध्ये एक चमत्कार पुष्कळदा आढळतो. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, तो अंक ओळीने मोजू शकतो, वार सांगू शकतो, लहानपणी पाठ केलेले स्तोत्र किंवा गाणे म्हणू शकतो; कारण पाठांतराची वाट आणि जुळवून बोलण्याची वाट मेंदूत अगदी एकच नसते. चालीवरून बोलणे परत आणण्याची एक पद्धती 1973 मध्ये बोस्टन येथील तज्ज्ञांनी मांडली, तीही याच आधारावर. त्या मुलीला हे शास्त्र पक्के ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते ते इतकेच, की वाईकडच्या जुन्या शिक्षकाच्या डोक्यात पाठ केलेले असे काय काय साठविलेले असते. तिने आम्हांस विचारले, आणि आम्ही पाढे सुरू केले. बे एके बे, बे दुणे चार, येथवर आम्ही म्हटले. ‘बे त्रिक’ म्हणून थांबलो, तेव्हा ‘सहा’ अण्णांकडून आले. स्पष्ट आले. पुढे रामरक्षा, मनाचे श्लोक, महिन्यांची नावे, आणि चौथ्या आठवड्यात तर पावकी-निमकी, जी आमच्या पिढीला धड येतही नाही. ती गुणी मुलगी बेचा पाढा आपल्या वहीत तमिळ लिपीत उतरवून घेऊन पाठ करून आली. परंतु तिच्या वाट्याला दिवसाचा पाऊण तास येई. उरलेल्या जागेपणी अण्णांशी मराठीत पाढे कोणी म्हणावयाचे? आई होती, पण तिला दिवसभर स्वतःशीच बोलावे लागे, कारण त्या इमारतीत तिला बोलावयास दुसरे कोणी नव्हते. ती तिसऱ्या आठवड्यात इतकी मिटून गेली, की रोगी कोण आणि सोबतीण कोण, असा प्रश्न पडावा.

जवळचे माणूस तेथे हवे ते भावनेच्या समाधानासाठी नव्हे. ते उपचाराचे अंग आहे. लुळा हात धरून रोग्यास ओढून उठवावयाचे नाही, हे नव्या अटेंडंटला दर पाळीस सांगावे लागते. चहा दाट करून द्यावा लागतो, नाहीतर तो श्वासनलिकेत उतरतो. दोन दोन तासांनी कूस बदलावी लागते. रोगी रडू लागला तर ते दुखण्याने की निराशेने, हे ओळखावे लागते. पक्षाघातानंतर कित्येकांना खरोखरीचे औदासीन्य येते आणि त्यावर औषध असते. ही सर्व कामे अर्थातच पैशाने विकत घेता येतात. पैसा पुरत असेल तर. भाषा मात्र त्या दुकानात मिळत नाही.

पैशाचेही सांगतो, कारण येथे नियमांचा दुसरा शब्द आमच्या वाटेत आला: ‘अवलंबून’. 1954 मध्ये दिल्लीस सुरू झालेली केंद्र सरकारची आरोग्ययोजना ही आमच्यासारख्यांना मोठा आधार आहे, हे कृतज्ञतेने मान्य करून पुढे लिहितो. या योजनेत आईवडिलांचा समावेश होतो. पण ते कर्मचाऱ्यावर अवलंबून असले पाहिजेत. अवलंबून कोण? ज्यांचे मासिक उत्पन्न 9000 रुपये व त्यावरील महागाईभत्ता एवढ्या मर्यादेच्या आत आहे ते. अण्णांचे निवृत्तिवेतन या मर्यादेबाहेर जाते. ते कोणी चैनीचे निवृत्तिवेतन नव्हे; केंद्राचे दिवसाचे शुल्क त्यांच्या दिवसाच्या निवृत्तिवेतनाच्या कित्येक पट होते, आणि आमच्या दिवसाच्या पगाराहूनही अधिक होते. तथापि नियमाच्या दृष्टीने ते स्वावलंबी ठरले. ज्या माणसाला आपले नाव सांगता येत नाही, लेंग्याची नाडी बांधता येत नाही, पेल्यातील पाणी कोणी धरल्यावाचून पिता येत नाही, त्याला सरकारी कागदावर स्वावलंबी म्हटलेले आम्ही स्वतःच्या हाताने फाइलला लावून ठेवले आहे. उत्पन्नाची मर्यादा कोठेतरी आखावी लागते, हे आम्हां कारकुनांना कोणी शिकवावयास नको. परंतु अवलंबन मोजण्याचे माप केवळ उत्पन्न हेच असावे, आणि अंग, वाचा, स्मृती यांना त्यात जागाच नसावी, हा कसला हिशेब?

आता रजेकडे येतो. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे रजानियमांचा सातवा नियम सांगतो. कामाच्या निकडीप्रमाणे ती नाकारता येते. ठीक. अर्जित रजा सहामाहीस 15 दिवस जमा होते. तिचा अर्ज मार्चअखेरीस केला तर काय होते, हे वाचक जाणतात. अर्धवेतनी रजा घेतली तर पगार अर्धा, तोही नेमका त्या महिन्यांत, ज्या महिन्यांत खर्च दुप्पट. ती रजा परिवर्तित करून पूर्ण पगार मिळवावयाचा, तर वैद्यकीय दाखला लागतो. आणि तो दाखला बापाच्या आजाराचा चालत नाही, स्वतःच्या आजाराचा लागतो. याचा परिणाम काय होतो ते कोणत्याही कचेरीत पाहावे. ज्याचा बाप इस्पितळात आहे त्याला कावीळ होते, कंबरदुखी होते, विषमज्वर होतो. प्रामाणिक नोकराला खोटे बोलण्यास भाग पाडणारा नियम शिस्तीच्या कोणत्या कल्पनेत बसतो, ते शिस्तीच्या कैवाऱ्यांनी सांगावे.

आणि हेच सरकार दुसऱ्या बाबतीत किती शहाणपणाने वागले आहे! सप्टेंबर 2008 पासून स्त्री कर्मचाऱ्यांस अपत्यसंगोपनासाठी संपूर्ण सेवेत 730 दिवसांची रजा मिळू लागली. मूल 18 वर्षांचे होईपर्यंत, त्याच्या आजारासाठी, परीक्षेसाठीदेखील. डिसेंबर 2018 मध्ये ती एकट्या पालक असलेल्या पुरुषांसही लागू झाली. या सवलतीविषयी आमच्या मनात तिळमात्र असूया नाही. आमच्या शेजारच्या मेजावरील भगिनीने ती घेतली तेव्हा तिचे काम आम्हीच केले आणि आनंदाने केले. आम्ही एवढेच विचारतो, की मुलाच्या बारावीच्या परीक्षेसाठी जी निकड सरकारला पटली, ती बापाच्या पहिल्या पावलासाठी का पटू नये?

कायद्याला आईबाप मुळीच दिसत नाहीत असेही नाही. 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा आहे. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. आसाम राज्याने 2017 मध्ये आणखी पुढे जाऊन, आईबापांची हेळसांड करणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारातून रक्कम कापून ती परस्पर आईबापांस देण्याचा कायदा केला. टाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण न टाकणाऱ्याचे काय? त्याच आसामने नोव्हेंबर 2024 मध्ये नोकरांना आईबापांच्या किंवा सासूसासऱ्यांच्या सहवासासाठी दोन दिवसांची खास रजा दिली. कल्पना गोड होती, पण दोन दिवसांत पक्षाघाताच्या रोग्याची कूस बदलण्याची पद्धतही शिकून होत नाही. जपानमध्ये कुटुंबातील दर आजारी व्यक्तीमागे 93 दिवसांची शुश्रूषा-रजा कायद्याने मिळते आणि ती तीन हप्त्यांत घेता येते. अमेरिकेत 1993 च्या कायद्याने आईबापांच्या गंभीर आजारासाठी वर्षात 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते व नोकरी सुरक्षित राहते. ज्या देशांना आपण व्यासपीठावरून ‘आईबापांना विसरलेले’ म्हणून हिणवितो, त्यांच्या रजानियमांत आईबाप आहेत. आमच्या सुभाषितांत आहेत.

अशा रजेचा दुरुपयोग होईल, असा आक्षेप हमखास घेतला जातो. दुरुपयोग कोणत्या रजेचा होत नाही? पुनर्वसनोपचारात तर तो रोखणे अधिक सोपे आहे, कारण तेथे प्रवेशाची तारीख असते, उद्दिष्टांची लेखी यादी असते, साप्ताहिक टिपण असते आणि घरी सोडल्याचा कागद असतो. इतका पुरावा परीक्षेच्या रजेसाठीही कोणी मागत नाही. कामकाज ठप्प होईल, हा दुसरा आक्षेप. 2008 मध्येही तो घेतला गेला असेलच. कचेऱ्या चालू आहेत. माणसाच्या संपूर्ण सेवेत असे प्रसंग किती येणार? आईबाप दोन, सासूसासरे दोन.

आमची मागणी स्पष्ट आहे. संपूर्ण सेवेत 180 दिवसांची शुश्रूषा-रजा असावी. स्त्रीपुरुष दोघांनाही, आईवडील किंवा सासूसासरे यांच्यासाठी, तुकड्यांनी घेता येईल अशी, उपचार करणाऱ्या डॉक्टराच्या दाखल्यावर. अवलंबनाच्या व्याख्येत उत्पन्नाबरोबर शारीरिक असमर्थताही मोजली जावी, निदान उपचाराच्या काळापुरती. आणि रोग्याच्या मातृभाषेत वाचोपचार करणाऱ्यांची सूची आरोग्ययोजनेने ठेवावी; दूरध्वनीच्या पडद्यावरून सातारचा वाचोपचारक चेन्नईतील रोग्याला शिकवू शकतो, एवढी सोय आता घरोघर आहे.

आठवा वेतन आयोग नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आणि अहवालासाठी त्याला 18 महिने देण्यात आले. तेव्हापासून आमच्या संघटनांत एकच चर्चा ऐकतो, की पगाराला गुणक किती लागणार. गुणक आम्हांसही हवा आहे. पण संघटनांच्या निवेदनांत शुश्रूषा-रजेला एखादा परिच्छेद मिळाला तर कागद कमी पडणार नाही. परप्रांतातील आपल्या मंडळांनीही नाट्यस्पर्धेच्या खर्चातून थोडे बाजूला काढून, इस्पितळात एकट्या पडलेल्या मराठी वृद्धांजवळ आठवड्यातून तासभर बसतील अशा स्वयंसेवकांची यादी करावी. मांडवात “ठेवलंत म्हणे?” असे विचारणाऱ्या सद्गृहस्थांचे नाव तीत पहिले घालावे, ते निवृत्त आहेत, त्यांना वेळ आहे, आणि त्यांचे मराठी उत्तम आहे.

अण्णा चार पायांची काठी घेऊन आता गच्चीच्या दारापर्यंत जातात. आमच्या अर्जित रजेच्या खात्यावर 3 दिवस शिल्लक आहेत. पुढील सहामाहीचे 15 जमा झाले, की आईला आधी गावी पोचवून यावयाचे आहे.